तिचं नाव तुमच्या कार्डावर नको, तिच्या स्वतःच्या कार्डावर हवं

पत्र: ताई, रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बाजूला आमची खाणावळ आहे. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी कामाला आली, वय 19. सहाव्या वर्षापासून बालगृहात वाढलेली. आई वारली, वडलांचा ठावठिकाणा नाही. बालगृहातून बाहेर पडल्यावर कोळंबी सोलायला जायची. जूनमध्ये मासेमारी बंद झाली तसं काम सुटलं, खोलीचं भाडं थकलं. आता आमच्या माडीवर राहते. पोर गुणी आहे, पण हंडा घेऊन जिना चढली की धाप लागते. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, तेव्हापासून हृदयाची झडप खराब आहे. तिच्या पिशवीत जाड कागदाचं एक कार्ड आहे. त्यावर दर 21 दिवसांनी इंजेक्शन दिल्याच्या तारखा आहेत. बालगृह सुटलं त्या महिन्यानंतर कार्ड कोरं. मोठ्या दवाखान्यात नेलं तर एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढून म्हणाले, पुढे फुगा घालून झडप उघडावी लागेल, सरकारी विमा योजनेत होईल, रेशनकार्ड घेऊन या. ते तिच्याकडे नाही. मला वाटतं भाची म्हणून आमच्या कार्डावर तिचं नाव चढवावं. आमचे हे म्हणतात, उद्या घरात हिस्सा मागेल. बालगृहात फोन केला तर म्हणाले, अठरा पूर्ण झाली, आता आमच्याकडे तिचं नाव नाही. काय करू? आणि सरकार या मुलांना अठराव्या वर्षी असं वाऱ्यावर का सोडतं?

— एक खाणावळवाली, रत्नागिरी

ताई,

रेशनकार्डाचं नंतर बघू. आधी इंजेक्शन.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हा रुमॅटिक हृदयविकार दिसतो. घसा बिघडवणारा एक जंतू असतो. त्याच्याशी लढता लढता शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतं. सांधे काही आठवड्यांत बरे होतात, झडप बरी होत नाही. पुन्हा घसा धरला आणि पुन्हा ताप आला, तर झडप आणखी खराब होते. ते टाळायला दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात. ज्यांची झडप खराब झालेली आहे त्यांना ते चाळिशीपर्यंत, काहींना जन्मभर घ्यावं लागतं. अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून ते थांबवायला वैद्यकशास्त्रात काहीही आधार नाही. थांबलं ते फक्त संस्थेच्या रजिस्टरातून नाव कमी झालं म्हणून.

या इंजेक्शनला कुठल्याही विम्याची गरज नाही. ते महागही नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयापर्यंत, 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. अडचण वेगळीच येते. पेनिसिलिनची रिॲक्शन येईल या धास्तीनं काही ठिकाणी ते द्यायला कचरतात. म्हणून आधी सरकारी रुग्णालयातल्या फिजिशियनला दाखवा, आणि कोणतं इंजेक्शन, किती मात्रा, किती दिवसांनी, हे त्यांच्या सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या. खंड पडलेला असल्यामुळे पहिला डोस तिथेच, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यावा आणि नंतर अर्धा तास तिथेच बसावं. पुढचे डोस ती चिठ्ठी दाखवून जवळच्या केंद्रात मिळतील. ते जुनं कार्ड फेकू नका, त्याच कार्डावर पुढच्या तारखा लिहून घ्या. आधी नियमित इंजेक्शन चालू होतं आणि तेव्हा त्रास झाला नव्हता, याचा तिच्याजवळचा पुरावा तो तेवढाच आहे.

आणि हंडा तिला उचलायला लावू नका. जिना चढून धाप लागते म्हणजे झडपेवर भार पडतोय. बसून करायचं काम द्या. रात्री आडवं पडल्यावर दम लागला किंवा पायावर सूज आली, तर कागदांची वाट न बघता 108 ला फोन करा.

आता तुमच्या रेशनकार्डाचं. तुमच्या मनात तिला आपलं म्हणावंसं आलं, याचं मला मोल आहे. तरी भाची म्हणून तिचं नाव चढवू नका. एक तर ती भाची नाही. योजनेत शस्त्रक्रियेला मंजुरी देताना कागद तपासले जातात. नातं खोटं निघालं तर ऐन वेळी तिचंच अडेल आणि तुमच्या कार्डावरही किटाळ येईल. दुसरं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचं जे संरक्षण आहे ते अख्ख्या कुटुंबाला मिळून आहे. उद्या तुमच्या घरात कुणाला काही झालं, तर एकाच रकमेतून दोघांचं भागवायचं, आणि मग मनं कलुषित होतात. तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. एकदा तुमच्या कार्डावर नाव लागलं, की तिला स्वतःचं कार्ड काढताना आधी तिथलं नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागेल. तुमच्याकडून ती उद्या चिपळूणला गेली, लग्न करून देवगडला गेली किंवा तुमच्या घरात काही बिनसलं, तर तिचा विमा तुमच्या मर्जीवर राहील. आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या मर्जीवर जगलेल्या मुलीला आणखी एक तशीच दोरी बांधायची नाही.

तुमच्या मिस्टरांना मात्र माझा एक निरोप द्या. रेशनकार्डावर नाव आलं म्हणून घरात हिस्सा मिळत नाही. घराजमिनीचा हक्क खरेदीखतानं, बक्षीसपत्रानं, मृत्युपत्रानं नाहीतर वारसानं येतो. कोकणात ‘नाव लागेल’ या भीतीला कूळकायद्यापासूनचा इतिहास आहे, त्यामुळे त्यांना वाटतं त्यात मला नवल नाही. पण ही भीती इथे लागू नाही. तरी मनाची शांती हवी असेल, तर माडीचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करून नोंदवून घ्या. त्यांची काळजी मिटेल आणि मुलीच्या हातात पत्त्याचा पक्का पुरावा येईल. तोच पुढे सगळीकडे लागणार आहे.

तिच्या कागदांसाठी दोन वाटा आहेत. दोन्ही एकदमच धरा.

पहिली, अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे राज्याची रहिवासी असल्याचा दाखला. फुले योजना पूर्वी ठरावीक रेशनकार्डांपुरती होती. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयानं ती राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारक आणि अधिवास प्रमाणपत्रधारक कुटुंबांना खुली झाली आणि 1 जुलै 2024 पासून तशी राबवली जाते. म्हणजे दवाखान्यात ‘रेशनकार्ड आणा’ एवढंच सांगितलं ते अपुरं आहे. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि बालगृहात किती वर्षं होती त्याचं पत्र घेऊन तहसील कार्यालयातल्या सेतू केंद्रात अर्ज करा. तिच्या बाबतीत मला ही वाट जास्त भरवशाची वाटते. का ते सांगते.

दुसरी वाट, तिच्या एकटीच्या नावाची शिधापत्रिका. अनाथांना पिवळी शिधापत्रिका द्यायचा निर्णय राज्य सरकारनं 2021 मध्ये घेतला. पण त्यासाठी आधी ती अनाथ असल्याचं प्रमाणपत्र लागणार. ते जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडून अर्ज जाऊन विभागीय उपायुक्तांच्या सहीनं मिळतं. याच प्रमाणपत्रावर शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, तेव्हा ते मिळालं तर तिचं पुढचं आयुष्यही सावरेल. अडचण अशी की, आई वारल्याचा दाखला निघेल, वडील हयात आहेत की नाहीत हे कुणालाच ठाऊक नाही. बालगृहात वाढलेल्या कितीतरी मुलांचं हेच होतं. एक पालक कुठेतरी जिवंत, पण मुलासाठी नसल्यासारखा. कागदावर ती अनाथ ठरत नाहीत आणि घरच्या कार्डावरही ती नसतात. म्हणून अर्ज करा, पण त्यावर सगळी मदार ठेवू नका. तोवर पुरवठा शाखेत एकट्या व्यक्तीच्या साध्या शिधापत्रिकेचा अर्जही द्या. कार्ड कुठल्याही रंगाचं मिळालं तरी त्याचा 12 अंकी ऑनलाइन क्रमांक पडला आहे ना, ते विचारा. तो नसेल तर दवाखान्यातल्या संगणकाला तिचं कार्ड दिसणारच नाही.

कागद हातात आले की फुले योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलाशी जा. जिल्ह्यात फुग्यानं झडप उघडण्याची सोय कुठे आहे, नसेल तर कोल्हापूर की मुंबई, हे त्यांना विचारा किंवा 155388 वर विचारा. कागद व्हायच्या आधीच प्रकृती बिघडली, तर तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी घेऊन दाखल करून घेण्याची सोय योजनेत आहे, कागद मागाहून दिले तरी चालतात. हे वाक्य पाठ करून ठेवा. दारावर कुणी अडवलं तर तेवढंच म्हणायचं. आणि धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयात जायची वेळ आली, तर तिथे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत राखून ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असलं की त्यात बसतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला अधिवासाबरोबरच काढून घ्या, एकाच फेरीत होईल.

आता बालगृहाचं. ‘अठरा पूर्ण झाली, नाव नाही’ हे उत्तर मला मान्य नाही, आणि कायद्यालाही नाही. 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 46 मध्ये, संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला अठरानंतर समाजात उभं राहायला आर्थिक मदत देता येईल, असं लिहिलेलं आहे. यालाच अनुरक्षण म्हणतात. ते 21 व्या वर्षापर्यंत मिळतं, अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत त्यासाठी दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे. ती 19 ची आहे, म्हणजे वेळ गेलेली नाही. फोनवर बोलू नका. तिच्या सहीनं जिल्हा बाल संरक्षण कक्षाला अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात तीन गोष्टी मागा: अनुरक्षणाची मदत, बालगृहातल्या वास्तव्याचं पत्र आणि तिच्या वैद्यकीय फाइलची पूर्ण प्रत. संस्थेत प्रत्येक मुलाची अशी फाइल ठेवावी लागते. पहिला एको केव्हा झाला, झडप किती अरुंद होती, औषधं कोणती चालू होती, हे सगळं त्या फाइलमध्ये असेल, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना ते लाखमोलाचं आहे. महिनाभरात उत्तर नाही आलं, तर जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे तक्रार घाला. वकिलाची गरज पडली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळेल. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला. सरकार अठराव्या वर्षी या मुलांना का सोडतं?

ताई, आपल्याकडचं बहुतेक सगळं संरक्षण कुटुंबाच्या नावानं बेतलेलं आहे. रेशनकार्ड कुटुंबाचं, पाच लाख कुटुंबाचे. केंद्राची आयुष्मान भारत योजना 2018 मध्ये आली तीही 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतल्या कुटुंबांच्या यादीवर. त्या साली तुमची मुलगी चिमुरडी होती, पुढे बालगृहात गेली, आता कोणाच्या कुटुंबात तिचं नाव शोधायचं? लहानपणी मात्र या मुलांसाठी खास दारं आहेत. फुले योजनेच्या लाभार्थ्यांत शासकीय अनाथालयातली मुलं स्वतंत्र गट म्हणून धरलेली आहेत, त्यांना रेशनकार्ड मागत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरापर्यंत तपासणी होते, हृदयाच्या शस्त्रक्रियाही होतात. अठराव्या वाढदिवसाला ही दोन्ही दारं एकदम बंद होतात. घरातल्या मुलाला अठरावं लागलं तर त्याचं नाव बापाच्या कार्डावर तसंच राहतं. पंचवीस वर्षांचा झाला, नोकरी शोधत हिंडला, तरी आजारी पडला की बापाचं कार्ड निघतं. ही मुलगी आपल्या वयाच्या इतर मुलांपेक्षा एकटी आहे, आणि नेमकं तिच्याकडूनच आपण सगळ्यात जास्त कागद मागतो. हे मला अन्यायाचं वाटतं.

दुसऱ्या देशात यावर उपाय झालेला आहे. अमेरिकेत आईबापांच्या विम्यात मुलांना 26 व्या वर्षापर्यंत राहता येईल असा कायदा 2010 मध्ये झाला. मग प्रश्न आला, ज्यांचा सांभाळ सरकारनंच केला त्यांचं काय? म्हणून त्याच कायद्यात तरतूद केली, की अठराव्या वर्षी जो सरकारी देखरेखीखाली पालक-घरात होता आणि तेव्हा ज्याला मेडिकेड म्हणजे तिथला सरकारी विमा लागू होता, त्याला तो विमा 26 पर्यंत चालू राहील, कमाई कितीही असो. 2014 पासून ते लागू झालं. त्यातही एक भोक राहिलं होतं. मुलगा एका राज्यात वाढला आणि कामासाठी दुसऱ्या राज्यात गेला, तर नव्या राज्यावर त्याला विमा द्यायचं बंधन नव्हतं. 2018 च्या कायद्यानं तेही बुजवलं, पण 1 जानेवारी 2023 पासून पुढे ज्यांना अठरा वर्षं पूर्ण होतील त्यांच्यापुरतंच. आधीचे तसेच राहिले.

हे राज्याच्या सीमेचं दुखणं आपल्या किनाऱ्याला चांगलं कळेल. सावंतवाडी-बांद्याकडची मुलं पोटासाठी गोव्यात जातात. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला तिथलं पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. घरचं माणूस असेल तर ते आजारपणाला गावी येतं. बालगृहातून निघालेल्या मुलानं कुठल्या गावी यायचं?

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि मी ती या सदरातून उघडपणे करते. अनाथालयातल्या मुलांचा जो गट फुले योजनेत आहे त्याची वयोमर्यादा 26 पर्यंत वाढवावी. त्यात शासकीय बालगृहं, स्वयंसेवी संस्थांची बालगृहं आणि बालसंगोपन योजनेत नातेवाइकांकडे वाढलेली मुलं, सगळी धरावीत. मामाच्या कार्डावर असलेल्या मुलालाही अठरानंतर मामी किती दिवस ठेवून घेईल, सांगता येत नाही. अनाथ असल्याचा दाखला न मागता, मुलाला संस्थेत ठेवायचा आदेश देणाऱ्या बाल कल्याण समितीच्या आदेशाची प्रत पुरेशी मानावी. ती प्रत प्रत्येक मुलाची असते. आणि कार्ड अठराव्या वाढदिवसाच्या आधी, संस्थेत असतानाच मुलाच्या हातात पडावं. बाहेर पडल्यावर ज्याला मुक्कामाची जागाच नाही, त्याला पत्त्याचा पुरावा मागून काय मिळणार?

राज्याच्या तिजोरीवर याचा बोजा किती पडेल? ही मुलं तरुण आहेत, बहुतेकांना वर्षानुवर्षं दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही. ज्यांना लागते त्यांचा उपचार वेळेत झाला नाही तर पुढे जास्त महाग पडतो. तुमच्या मुलीचंच बघा. आज कदाचित फुग्यानं भागेल. हयगय झाली तर छाती उघडून झडप बदलावी लागेल आणि कायमची रक्त पातळ करण्याची गोळी चालू होईल. तुमच्या आमदारांना भेटाल तेव्हा हा मुद्दा सांगा, आणि तिच्या इंजेक्शनच्या कोऱ्या राहिलेल्या कार्डाची झेरॉक्स सोबत न्या. मात्र तिला विचारून, आणि तिचं नाव झाकून.

विचारून हा शब्द मुद्दाम लिहिला. तुमच्या एवढ्या लांब पत्रात तिला स्वतःला काय वाटतं ते कुठेच नाही. तिला शस्त्रक्रियेची भीती वाटते का? बालगृहाला अर्ज करायची तिची तयारी आहे का, की तिथल्या आठवणी नकोशा आहेत? ती सज्ञान आहे. अर्जांवर सही तिची, शस्त्रक्रियेच्या संमतीवरही तिचीच. अजून एक गोष्ट तिच्याशी एकांतात बोला. झडप अरुंद असताना दिवस गेले तर आईच्या जिवाला धोका असतो. लग्नाचा विषय निघाला, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं आणि होणाऱ्या नवऱ्यापासून हे लपवायचं नाही. आया हे मुलींना घरात सांगतात. तिला कुणी सांगितलं असेल असं धरून चालू नका.

दाखल करताना ‘सोबत कोण, नातं काय’ असा रकाना येईल. तिथेही भाची लिहू नका. ‘घरमालकीण’ लिहा, खाली तुमचा फोन नंबर द्या. सज्ञान रुग्णाची संमती तिची स्वतःची असते, सोबतचं माणूस रक्ताचंच हवं असं नाही. कुणी हटकलं तर आरोग्यमित्राला बोलवा. तुम्ही तिथे असाल त्या दिवसांत खाणावळ कोण बघणार, हे मात्र मिस्टरांशी आजच बोलून ठेवा.